दुपारी चारचे बेडूक

दुपारी ठीक चारला पाणथळीत बेडूक ओरडले आणि तीनशे माणसांनी एकदम हात जोडले. चार वर्षं तिथे एकही बेडूक ओरडला नव्हता. आता मंडूकबाबांनी काठी उचलली की शेकडो बेडूक गात आणि काठी खाली आली की चिडीचूप! इतका शहाणा वर्ग कुठल्या मास्तरांनाही कधी मिळाला नसेल.

"बेडूक जिथे नांदतो, तिथलं पाणी निर्मळ!" बाबा गरजले. "रोज तीन पेले प्या. ताप पळेल, खरूज पळेल, जावई घरात टिकत नसेल तर तोही टिकेल!"

"बाबा, आमचा जावई घरातून हलतच नाही," मागून एक आजोबा म्हणाले.

"मग तुम्ही दोनच पेले प्या."

मांडव घातला होता रंगाच्या कारखान्याच्या मालकांनी. कारखान्याचं सांडपाणी याच पाणथळीत येई, कधी जांभळं, कधी हिरवं. जांभळं तापावर आणि हिरवं पोटदुखीवर, अशी वाटणीही बाबांनी करून टाकली होती.

निवृत्त शाळाबाई गर्दीत परटिणीला शोधत होत्या. परटीण त्यांची जुनी विद्यार्थिनी. लहानपणी अंगाने एवढीशी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. आज तिच्या खांद्यावर तापाने फणफणलेली सहा वर्षांची लेक होती आणि हातात जांभळ्या पाण्याची बाटली.

"चिमणे, आठ दिवस झाले. डॉक्टरांकडे नेलंस का हिला?"

"आता कशाला डॉक्टर, बाई? काल बेडकांनी मला नावाने हाक मारली!"

"बेडकांनी?"

"शप्पथ! आज परत मारतील. हाक आली की हिला पहिला पेला पाजायचा, असं बाबा म्हणालेत."

बाबांनी पुन्हा काठी उचलली. डराँव डराँव सुरू झालं आणि त्या कल्लोळातून खरंच एक बारीक आवाज आला, "चिमणेऽ, चिखलात उतरू नकोस!"

"ऐकलंत?" बाबा ओरडले. "चिमणी म्हणजे जीव! चिखल म्हणजे संसार!"

चिमणीने बाटलीचं बूच काढलं. बाईंनी तिचं मनगट धरलं. तो आवाज त्यांनी ओळखला होता. तो त्यांचा स्वतःचाच होता, वीस वर्षांपूर्वीचा! दरवर्षी एका संध्याकाळी सातवीचा वर्ग या काठावर बसून बेडकांचे आवाज टेपवर घेई. वाढले की घटले, ते मागच्या टेपशी ताडून बघायचं. त्या वर्षी चिमणी चिखलात उतरली, बाई ओरडल्या आणि तेही सगळं टेपवर उतरलं. गेल्या वर्षी शाळेचं जुनं कपाट टेपांसकट भंगारात गेलं होतं.

"आता बेडूक म्हणतील, 'गेली ना शेवटी चप्पल?'" बाई मोठ्याने म्हणाल्या.

"गेली ना शेवटी चप्पल?" बेडूक म्हणाले.

बाबांची काठी वरच राहिली. "चप्पल म्हणजे... अहंकार!"

"आता म्हणतील, 'पाढे येत नाहीत आणि निघाली बेडूक पकडायला!'"

बेडकांनी शब्दही चुकवला नाही. गर्दीत कुजबुज झाली, आणि पुढचे चौघे वळून बाईंच्याच पाया पडले. "बाई अंतर्ज्ञानी आहेत!"

"उठा! पायाशी काय शोधताय? आवाज कुठून येतोय, ते शोधा!"

चिमणीला मात्र ती चप्पल लख्ख आठवली. घरी गेल्यावर आईने दिलेला मारही आठवला. तिने लेकीला बाईंकडे दिलं, पदर खोचला आणि ती आवाजाच्या रोखाने थेट लव्हाळ्यात शिरली. तिथे एक पालथं घमेलं होतं, घमेल्याखाली भोंगा. भोंग्याची तार जात होती थेट बाबांच्या आसनाखालच्या टेपरेकॉर्डरपर्यंत. बटण पायाच्या अंगठ्याशी. काठी नुसती शोभेची!

चिमणीने भोंगा उचलून छातीशी धरला. गुडघाभर चिखलात ती उभी, आणि टेप फिरून पहिल्यापासून लागल्याने भोंगा तिला बजावतोय, "चिमणेऽ, चिखलात उतरू नकोस!"

"हा मंडूकांचा यांत्रिक अवतार आहे," बाबा पुटपुटले. आधी आजोबा हसले, मग सगळा मांडव.

"खरे बेडूक लाजाळू असतात हो. खाली असतील," मालक म्हणाले.

चिमणीने काठावर ठेवलेल्या धुण्याच्या गाठोड्यातली एक चादर दोनदा पाण्यातून फिरवली. वर आला जांभळा फेस. बेडूक सोडा, बेडकाचं पिल्लूही नाही.

बाई वर्गात बोलायच्या तशाच सावकाश बोलल्या. "बेडूक पाणी तोंडाने पीत नाही, कातडीतून शोषतो. श्वाससुद्धा बराचसा कातडीतून घेतो. पाण्यात विष आलं की ते आधी त्याच्या अंगात जातं. उन्हाळा वाढला, डबकी लवकर आटली, की त्याची पिल्लं वाढायच्या आतच मरतात. चार वर्षं तो ओरडला नाही, हीच त्याची साक्ष होती. ती आपण ऐकली नाही आणि भोंग्याची ऐकली."

चिमणी बाटली ओतून टाकायला निघाली.

"ओतू नकोस. ती तपासणीला जाईल. आणि आपण डॉक्टरांकडे. चल, आत्ता!"

डॉक्टरांनी रक्त तपासून औषध सुरू केलं. बाटलीचा वास घेऊन ते एवढंच म्हणाले, "हे पाजलं नाहीत ना? नशीब!" पाचव्या दिवशी ताप उतरला.

"बाईआजी, मग खरे बेडूक मेले?" लेकीने विचारलं.

"बरेचसे. थोडे वरच्या ओढ्यात उरलेत, मी पाहून आले. घाण पाणी थांबलं तर येतील हळूहळू."

"त्याचा मंत्र असतो?"

"नाही गं. तक्रार असते. कागदावर लिहायची, खाली सगळ्यांनी सह्या करायच्या, आणि उत्तर येईपर्यंत कचेरीत खेटे घालायचे."

पहिली सही चिमणीची झाली.

मुलांनो, कोणी चमत्कार दाखवला तर घाबरू नका आणि भारावूनही जाऊ नका. उठा, जवळ जा, आणि घमेलं उचलून बघा.