उभ्या बसचे प्रवासी

माझ्या नणंदबाई शाळेची बस चालवतात. आमच्या गल्लीत त्यांना सगळे ड्रायव्हरताई म्हणतात. आवाज असा की मागच्या सीटवर दंगा करणारं पोर नुसत्या खाकरण्यानं गप्प बसतं. लग्न करून या घरात आले तेव्हा मला नणंदेची मोठी धास्ती होती. ताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुला गाडी लागते का गं?" मी नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग आपलं जमेल." आणि खरंच जमलं.

ही गोष्ट ज्या उन्हाळ्याची आहे, त्या उन्हाळ्यात सूर्य मावळला तरी भिंती निवायच्या नाहीत. नळाचं पाणी हातावर घेतलं तर चटका बसायचा. मी घरी पडदे शिवते, पण दुपारी मशीनच्या चाकाला हात लावायची सोय नव्हती. त्यात वीज जायला लागली. आधी थोडा वेळ, मग अख्खी दुपार. वर लटकणारा पंखा म्हणजे नुसती शोभा.

अशाच एका दुपारी ताई जिन्याच्या पायरीवर ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "शाळेला सुट्टी आहे. बस शेडमध्ये उभी आहे. तिच्यात एसी आहे, टाकी भरलेली आहे. आणि आपण इथे पापडासारखे भाजून निघतोय."

"ताई, ती शाळेची बस आहे."

"शाळेचीच आहे. म्हणून तर विचारते आधी," म्हणत त्यांनी तिथूनच मुख्याध्यापिका बाईंना स्पीकरवर फोन लावला.

"बस कुठे न्यायची आहे तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"कुठेच नाही."

"कुठेच नाही म्हणजे?"

"बस गल्लीच्या तोंडाशी उभी राहील. माणसं आत बसतील. म्हातारी माणसं, बाळंतिणी, ज्यांना घरात बसवत नाही ते. गार झाली की उतरतील."

 मला वाटलं, आता बाई नियम सांगणार. पण बाई हळू आवाजात म्हणाल्या, "माझी आई दुसऱ्या गावात एकटी राहते हो. तिच्या गल्लीत अशी एखादी बस उभी राहिली असती, तर मला झोप लागली असती. घेऊन जा. डिझेलचं मी बघते."

संध्याकाळपर्यंत बस आली. ताईंनी ती मोठ्या झाडांच्या सावलीत लावली आणि मागची बाजू मोकळ्या मैदानाकडे केली, म्हणजे धूर कुणाच्या खिडकीत शिरायला नको. मी पांढरं कापड शिवून उन्हाकडच्या काचांना बाहेरून लावलं. दारात पाण्याचं पिंप ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही दोघी वाट बघत बसलो.

कुणी येईना! फुकट म्हटल्यावर माणूस आधी मागे सरकतो. यात काहीतरी गोम असणार, असं त्याला वाटतं. येणारेजाणारे आत डोकावायचे, हसायचे आणि घामाच्या धारा पुसत पुढे जायचे. पहिला चढला तो पैलवान. हा कपाटं, पलंग, शिलाई मशिनी मजले चढवून देणारा हमाल. आखाड्याशी त्याचा काही संबंध नाही, पण देह तसा. लहान मुलांच्या त्या सीटवर तो गुडघे हनुवटीला लावून बसला आणि क्षणात घोरायला लागला. त्याचं घोरणं रस्त्यापर्यंत ऐकू जात होतं. तेवढी जाहिरात पुरली. दुपारपर्यंत बस भरली.

मग मजाच झाली. नातवंडं असलेली माणसं खिडकीच्या जागेवरून भांडायला लागली. "काल तुम्ही बसला होतात ना, आज मी," असं आमच्या कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी रुसून म्हणाले. ताईंनी खाकरून शिस्त लावली. आल्यावर आधी पाणी प्यायचं, ओल्या रुमालानं मान पुसायची, मग गप्पा. शेजारी एकदम गप्प झाला, त्याचं डोकं दुखायला लागलं किंवा पायात गोळे आले, तर लगेच सांगायचं.

पण ताईंचं लक्ष बसमध्ये कमी आणि बाहेर जास्त. "जे आले त्यांची मला चिंता नाही," त्या मला म्हणायच्या. "जे येत नाहीत, त्यांच्या दारात जायचं." सकाळी एकदा आणि ऊन चढलं की एकदा, आम्ही दोघी घरोघरी फिरायचो.

त्यातलं सगळ्यात अवघड दार आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, थेट पत्र्याखाली होतं. तिथे एक निवृत्त फोरमन राहायचे आणि त्यांची थोरली बहीण, आक्का. आक्कांचे पाय गेलेले. त्या वर्षानुवर्षं खाली उतरल्या नव्हत्या. फोरमनना सगळी गल्ली पाठीमागे 'नकोआजोबा' म्हणायची, कारण काहीही विचारा, उत्तर ठरलेलं.

"आजोबा, बसमध्ये येता? गार आहे."

"नको."

"आक्कांना आम्ही नीट उतरवू."

"नको म्हटलं ना."

"बरं, निदान बर्फ देते."

"नको."

मी चिडायचे. जिना उतरताना म्हणायचे, "ताई, दगडावर डोकं किती आपटायचं?" ताई शांतपणे म्हणायच्या, "दार उघडतात ना? झालं तर मग. जो दार उघडतो, त्याचं तोंड तरी दिसतं." आणि ओल्या चादरी, पाण्याचे कॅन, बर्फाची पिशवी उंबऱ्यावर ठेवून यायच्या. पुढच्या फेरीला कॅन रिकामा असायचा. 

त्या दिवशी ऊन अगदी टळटळीत होतं. दुपारच्या फेरीला आम्ही वर गेलो. ताईंनी कडी वाजवली. दार उघडायला वेळ लागला. आजोबा चौकटीला धरून उभे होते.

"आजोबा, पाणी घेता थोडं?" ताईंनी विचारलं.

"हो," आजोबा म्हणाले.

मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, शेवटी आले वळणावर. पण ताईंचा चेहरा उतरला.

"बसमध्ये येता?"

"हो. येतो की. शिट्टी झाली का कारखान्याची?"

ताईंनी पुढे होऊन त्यांच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. अंग भट्टीसारखं तापलेलं आणि कोरडं ठणठणीत, घामाचा टिपूस नाही. आजोबा त्यांच्याकडे बघून ओळख नसल्यासारखं हसले आणि तिथेच खाली घसरले.

"ऊन लागलंय. पैलवानाला बोलाव, पळ!"

मी खिडकीतून ओरडले. पैलवान तीन-तीन पायऱ्या चढत वर आला. तोवर ताईंनी आजोबांचा सदरा काढून ओली चादर गुंडाळली होती आणि एका हातानं ॲम्ब्युलन्सचा नंबर फिरवला होता. मी पाण्याचा पेला पुढे केला, तर मला थांबवलं. "तोंडात ओतू नकोस. शुद्ध नाही, ठसका लागेल. पाणी अंगावर टाक आणि वारा घाल."

आतल्या खोलीतून आक्कांचा आवाज आला, चांगला खणखणीत. "त्याला आधी न्या! मी धड आहे. दिवसभर मला ओल्या फडक्यानं पुसत बसलाय मेला. स्वतः प्यायला काही? विचारलं की म्हणायचा, नंतर."

तेव्हा आम्हाला कळलं, कॅनमधलं पाणी कुठे जात होतं ते.

पैलवानानं आजोबांना लहान मुलासारखं उचललं आणि खाली नेऊन बसच्या मधल्या वाटेत आडवं निजवलं. फोनवरचा माणूस सांगत होता, सगळ्या गाड्या बाहेर आहेत, गाडी कधी पोहोचेल सांगता येत नाही. ताईंनी त्याला आम्ही कोणत्या हॉस्पिटलात पोहोचतोय ते सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला.

आक्कांना पत्र्याखाली एकटं कसं ठेवायचं, म्हणून पैलवान पुन्हा वर गेला, मी त्याच्या मागे. आक्का म्हणाल्या, "पोरा, मी जड आहे हो."

"आक्का, मी लोखंडी कपाटं उतरवतो. तुम्ही म्हणजे उशी."

"जिभेला हाड नाही तुझ्या," आक्का म्हणाल्या, पण त्याच्या गळ्यात हात टाकला.

बसमधल्या कुणालाही ताईंनी उतरवलं नाही. उन्हात काढणार तरी कुठे? एसी पूर्ण वाढवला, आरशात एकदा मागे पाहिलं आणि खाकरल्या. "सगळ्यांनी धरून बसा. घड्याळजी, बर्फ. मानेला आणि काखेत. बाकीच्यांनी वारा घालायचा, हात दुखला तर शेजाऱ्याला द्यायचा."

आणि आठवडाभर जागची न हललेली ती बस निघाली.

वीज नसल्यामुळे रस्त्यावरचे सिग्नल बंद होते. चौकाचौकात गाड्यांचा गुंता. पैलवान दारात लटकून "बाजूला व्हा, माणूस आहे आत!" असं ओरडत होता. आत जे दृश्य होतं ते मी जन्मात विसरणार नाही. काल खिडकीवरून भांडणारी माणसं वाकून वाकून वारा घालत होती. कुणाच्या हातात वही, कुणाच्या हातात डब्याचं झाकण, कुणी स्वतःची टोपी काढलेली. चादर सुकते असं वाटलं की कुणीतरी पाणी शिंपडायचं. आक्कांना पुढच्या खिडकीत बसवलं होतं. मान वळवून त्या सगळ्यांना हुकूम सोडत होत्या, "अहो, त्याच्या पायाकडे कुणी बघतंय का? तिथेही भिजवा!" आणि ताई बस अशी चालवत होत्या, की पिंपातलं पाणी हिंदकळलं नाही. हात स्टिअरिंगवर घट्ट, पण चेहऱ्यावर घाई नाही. एवढ्या गडबडीतही मी त्यांच्याकडे बघत राहिले. रोज सकाळी दुसऱ्यांची लेकरं घेऊन जाताना हे हात असेच असत असतील.

हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर तयार होतं. बराच वेळ आम्ही सगळे, म्हणजे अख्खी बस, तिथल्या पॅसेजमध्ये उभे होतो. शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "ताप उतरतोय. तुम्ही वाटेतच उपचार सुरू केलेत, त्याचा फार उपयोग झाला. कुणी सांगितलं होतं?"

सगळ्यांनी ताईंकडे बघितलं. ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "शाळेत दर वर्षी शिकवतात आम्हाला. मुलांसाठी." आणि मग मात्र मटकन बाकावर बसल्या.  मी त्यांचे हात माझ्या हातात धरून ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आक्कांना घेऊन भेटायला गेलो, तेव्हा नर्स विचारत होती, "आजोबा, थोडं सूप देऊ?"

"नको," आजोबा म्हणाले.

आक्कांनी वर बघून हात जोडले. "आला माझा भाऊ जाग्यावर!" खोलीतले इतर पेशंटही हसायला लागले.

हसू ओसरल्यावर आजोबा ताईंना म्हणाले, "तुला वाटलं असेल, म्हातारा आडमुठा आहे."

"वाटलं होतं," ताई म्हणाल्या.

"हिला सगळ्या गल्लीसमोर पोत्यासारखं उचलून न्यावं लागलं असतं. हिला लाज वाटेल, म्हणून नको म्हणत होतो."

 "मला विचारलंस कधी?" आक्का म्हणाल्या. "अरे, काल इतक्या वर्षांनी मी रस्ता बघितला. झाडं केवढी वाढलीत! तू तिथे मरायला टेकला होतास, आणि मला मेलीला वाटत होतं, बस आणखी थोडी फिरावी."

 आजोबांनी बहिणीचा हात ओढून घेतला आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

पाऊस सुरू झाला आणि बस शाळेत परत गेली. पण त्या प्रवासानंतर गल्लीतली माणसं एकमेकांची झाली होती. थंडी आली ती अशी कडाक्याची, की सकाळी नळ उघडला तर बोटं बधिर व्हायची. आता शाळा चालू, बस मिळणं शक्य नाही. मग बेकरीवाल्या मामांनी सगळ्यांना उबेला बसायला भट्टीमागची खोली मोकळी करून दिली. मी पडद्यांच्या उरलेल्या जाड कापडाच्या गोधड्या शिवल्या. पैलवान त्या घरोघर पोचवायचा, आणि वाटेत कुणाच्या खिडकीला फट दिसली तर ती बुजवूनच पुढे जायचा.

आणि दारोदारच्या फेऱ्या? त्या आक्कांनी मागून घेतल्या. "मला पाय नाहीत, पण तोंड आहे," म्हणाल्या. भल्या सकाळी फोन घेऊन बसायच्या आणि एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाला उठवायच्या. गोड बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"काय हो घड्याळजी, उठलात का? रात्री शेगडी खोलीत ठेवून दारं-खिडक्या बंद केलीत म्हणे? अक्कल काय गहाण ठेवली होती? त्या धुरानं माणूस झोपेतच जातो, कळतंय का? आज संध्याकाळी भट्टीमागे यायचं. येता की पैलवानाला पाठवू?"

घड्याळजी निमूट यायचे. कधी कुणी फोन उचलला नाही, तर आक्का थांबायच्या नाहीत. लगेच आजोबांना पिटाळायच्या. आजोबा कुरकुरत, मफलर गुंडाळत, काठी टेकत जायचे आणि त्या दाराशी उभे राहून ते उघडेपर्यंत वाजवत बसायचे.

एका सकाळी ताई शाळेच्या बसची पहिली फेरी संपवून घरी आल्या. बाहेर दाट धुकं होतं. नाक लाल, बोटं आखडलेली. चहाचा कप नुसता हातात धरून बसल्या होत्या, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. आक्काच होत्या. आवाज मला पलीकडूनही ऐकू येत होता.

"काय गं, पायात मोजे आहेत का?"

"आहेत, आक्का."

"दोन जोड घातलेस की एकच?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. अख्ख्या शाळेला गप्प करणाऱ्या माझ्या नणंदबाई पाय खुर्चीखाली ओढून घेत हळूच म्हणाल्या, "एकच."

"वाटलंच मला. जगाला शहाणपण शिकवतेस आणि स्वतः? वहिनीला फोन दे आधी."

ताईंनी फोन मला दिला. आक्का बोलत होत्या, मी हो हो करत होते आणि दुसऱ्या हातानं कपाटातले लोकरीचे मोजे शोधत होते.