अकरा कोयते

दत्तराव एकोणीस मतांनी पंचायत समितीवर निवडून आला, आणि दुपारी दोनच्या आत गावात एकोणीसशे माणसं अशी निघाली की ज्यांच्यामुळे तो निवडून आला होता. कुणी म्हणालं, आपण रोज मोबाइलवर त्याचा फोटो लावला म्हणून. कुणी म्हणालं, आपण नवस बोललो म्हणून. परवापर्यंत विरोधकांच्या जीपमध्ये फिरलेला एक जण तर डोळे मिचकावून म्हणाला, "मी तिकडं आतून काम करायलो होतो."

सिताराम गुरुजी चहाच्या टपरीवर कोपऱ्यात बसून हे ऐकत होते. गुरुजी म्हणायचं एवढंच, उभ्या जन्मात त्यांनी कुणाला शिकवलं नव्हतं. सेलूच्या एका शाळेत तीस वर्षं ते ग्रंथपाल होते. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. त्यामुळे प्रचारात त्यांच्या वाट्याला बसून करायची कामं आली: मतदारयादीवर खुणा करायच्या, चिठ्ठ्या लिहायच्या, जाहीरनामा तयार करायचा. जाहीरनाम्यात चौदावं वचन होतं, गावाला वाचनालय. ते त्यांनी स्वतःच घुसडलं होतं. दत्तरावने हरकत घेतली नाही, कारण त्याने जाहीरनामा वाचलाच नव्हता.

याच वाचनालयापायी गुरुजींनी आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. यादी तपासताना त्यांच्या लक्षात आलं की गावचे अकरा कोयते सांगलीकडच्या एका कारखान्यावर ऊस तोडायला गेलेत. त्यांनी दत्तरावला सांगितलं.

"अकरा मतांसाठी कोण टेम्पो धाडतंय, गुर्जी?" दत्तराव म्हणाला.

"एक कोयता म्हणजे नवरा-बायको," गुरुजी चाचरत म्हणाले. "बावीस मतं आहेत."

दत्तरावचा चेहरा उजळला. "मग लावा की फोन! तुमच्या शब्दाला मान हाय. सांगा, मतदान झालं की त्याच सांजंला माघारी सोडतो."

गुरुजींनी फोन लावले. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घेतलं आणि अकरा वेळा वाचून दाखवलं. माणसं आली. परवा मतदान झालं, आणि त्यांना घेऊन आलेला टेम्पो गेला तो गेलाच. परवा म्हणाले, ड्रायव्हर जेवायला गेलाय. काल म्हणाले, निकाल तर लागू द्या. आज निकाल लागला होता.

गुरुजी शाळेच्या ओसरीकडे गेले. जायचं जिवावर आलं होतं, पण टपरीवर बसणं त्याहून जड होतं. बावीस माणसं आपापल्या बोचक्यांना टेकून बसली होती. गुरुजींना बघताच कडूबाई पदर खोचून उठली. टोळीत बोलायचं काम तिचंच.

"या गुर्जी. निवडून आलाव म्हनं."

"बाई, मी नाही. दत्तराव."

"फोन तुमीच केलता. आमी दत्तरावला वळखत न्हाई. तुमच्या शब्दावर आलो. मुकादम म्हनतोय, उद्या दिस उगवायच्या आत आला न्हाईत तर तुमच्या फडावर दुसरी टोळी घालतो. बैलं तिथं खोपीपाशी बांधून ठिवलेत, शेजाऱ्यानं वैरण टाकली का न्हाई, देव जाने."

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. चार वाजले होते. सांगलीकडची वाट रात्रभराची. आता निघाले तरच पोचणार होते. त्यांना काहीतरी समजुतीचं बोलायचं होतं, पण कागद जवळ नव्हता.

तेवढ्यात वेशीकडून मिरवणूक आली. पुढे ढोल, मागे गुलालाचा धुरळा, आणि मधोमध तोच टेम्पो. फाळका पाडलेला, केळीचे खुंट बांधलेले, वर लग्नातल्या नवरदेवाची लाल खुर्ची आणि खुर्चीत दत्तराव. गळ्यात इतके हार की बोलायला तोंड तेवढं उघडं. ही गाडी दोन दिवस कशासाठी अडवून ठेवली होती, ते गुरुजींना आता कळलं. केळीचे खुंट बांधायला!

ते ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले. "जीवन, ही गाडी माघारी सोडायला जाणार होती."

"मला मिरवनुकीला लावलंय, गुर्जी. मालकाला इचारा."

मालकाने वरूनच पाहिलं. "अरे, गुर्जी! चढवा रे त्यांनला! आपल्या जाहीरनाम्याचे कर्ते! दोन शब्द बोला, गुर्जी!"

दोघांनी बखोटीला धरून त्यांना वर घेतलं, कपाळाला गुलाल फासला आणि हातात माईक कोंबला. ढोल थांबले. पळून जावं तर टेम्पो उंच होता.

"दत्तराव एकोणीस मतांनी आले," गुरुजी म्हणाले. आपलाच आवाज भोंग्यातून ऐकून ते दचकले. टाळ्या पडल्या. "त्यासाठी बावीस मतं सांगलीकडून आणली होती. ती शाळेच्या ओसरीत बसलीत. त्यांना ही गाडी पाहिजे. आत्ता."

पुन्हा टाळ्या पडल्या. माईकवर काहीही बोललं तरी टाळ्या वाजवायच्या, एवढं प्रचारात सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. दत्तरावने हसत हसत माईक काढून घेतला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "उद्या बघू की, गुर्जी. आज शोभा करायलाव काय?"

पण भोंगा शाळेपर्यंत ऐकू जात होता. कडूबाई गर्दीतून वाट काढत आली आणि तिने पहिलं बोचकं दत्तरावच्या पायाशी फेकलं. मागून दुसरं आलं, मग वाकळा, मग पाण्याचा ड्रम. माणसं चढू लागली. कुणी भांडलं नाही, कुणी घोषणा दिली नाही. एस.टी.त चढावं तशी ती चढली.

"अहो बाई, खुर्ची हाय हितं!" दत्तराव ओरडला.

"ऱ्हाऊ द्या की. म्हातारं मानूस बसंल."

खुर्चीभोवती बोचकी इतकी साचली की नव्या सदस्याला पाय ठेवायला जागा उरली नाही. तो हार सावरत खाली उतरला. ढोलवाल्यांना पैसे मिरवणुकीचे मिळायचे होते, टेम्पोचे नाही. ते वाजवत पुढे गेले आणि दत्तराव त्यांच्या मागे पायी चालू लागला. जाताना मान वळवून म्हणाला, "वाचनालयाचं इसरा आता, गुर्जी!"

गुरुजींना हसू आलं. आठवण होती म्हणजे जाहीरनामा त्याने वाचला होता.

ते केबिनमध्ये जीवनशेजारी चढून बसले. शब्द दिला होता, पोचवून येणं भाग होतं. गाडी मानवतच्या रस्त्याला लागली तशी मागच्या खिडकीतून कडूबाईने डोकं घातलं.

"गुर्जी, बावीस मतं आमची, म्हनून सांगितलंव माईकवर. आमी दत्तरावलाच दिली, हे तुमाला कुनी सांगितलं?"

यादीत त्या बावीस नावांपुढे गुरुजींनी स्वतःच्या हाताने, पट्टी धरून, आपले म्हणून खुणा केल्या होत्या. विचारलं कुणालाच नव्हतं.

"मग कुणाला दिली?"

"ते जाऊ द्या," ती म्हणाली. "पन पुढच्या टायमाला फोन करू नगा."

"नाही करणार," गुरुजी म्हणाले, आणि उपरण्याने कपाळाचा गुलाल पुसू लागले.