बिनखताची हिरवळ

ऐन उन्हाळ्यात गल्लीतलं सगळं गवत करपलं होतं, पण थोरलीच्या मागच्या अंगणात चटईएवढा तुकडा हिरवागार होता. कुंपणापलीकडे धाकटी जाऊ राहायची. तिला थोरली रोज ऐकवायची, "हाताला गुण असावा लागतो, बाई!"

रविवारी विहीणबाई पाच माणसांनिशी राहायला यायच्या होत्या, लेकीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच. थोरलीनं पडदे धुतले, गाद्यांना ऊन दाखवलं. मोरीतलं पाणी आताशा रेंगाळत जायचं, संडासात पाणी ओतलं की खालून गुडगुड यायची. तिकडे मात्र तिनं कानाडोळा केला. जुनं घर, कुरकुरणारच.

शुक्रवारी धाकटीकडे सेप्टिक टँक उपसायला टँकरवाला आला. दर तीन वर्षांनी ती बोलवायचीच. पाइप गुंडाळता गुंडाळता त्याची नजर कुंपणापलीकडे गेली.

"ही हिरवळ कुणाची?"

"माझी!" थोरली फुलून पुढे आली.

"खत कुठलं घालता?"

"छे, काहीच नाही."

"घालता, ताई. घरातले सगळे मिळून घालता." त्यानं गवतात काठी खुपसली. ती लोण्यात सुरी जावी तशी आत गेली आणि मागोमाग वास बाहेर आला. "टाकी कधी उपसली होती?"

"नऊ वर्षांत गरजच पडली नाही!" थोरलीचा आवाज चढला आणि अर्ध्यातच उतरला.

"गाळ तोंडाशी आलाय. पाणी शोषखड्ड्यात जायचं सोडून इथं वर येतंय. घरात आणखी चार-पाच माणसं वाढली, तर मोरीतून उलटं घरात शिरेल."

थोरलीच्या डोळ्यांपुढे विहीणबाई उभ्या राहिल्या, खुर्चीवर पाय वर घेऊन. तिचा चेहरा बघून धाकटीच टँकरवाल्याला म्हणाली, "दादा, उद्या सकाळी यांच्याकडे या. नक्की हं!" मग हळूच, "गुण हाताला नव्हता तर, जाऊबाई!"

थोरलीनं पदरानं नाक झाकलं आणि मान डोलावली.

शनिवारी टाकी उपसली, तुंबलेला पाइप मोकळा झाला. हिरवळीच्या जागी नुसती उकरलेली माती उरली, पण मोरीतलं पाणी सळसळत जायला लागलं.

रविवारी विहीणबाईंनी मागच्या दारातून डोकावून नाक मुरडलं. "अंगण फारच उघडंबोडकं हो! आमच्या संडासामागे बघा, काय गवत माजलंय! खतसुद्धा घालत नाही आम्ही."

कुंपणापलीकडे धाकटीला ठसका लागला.

थोरलीनं प्रेमानं विहीणबाईंचा हात धरला. "बसा बाई जरा. मला सांगा, पाणी ओतलं की खालून गुडगुड येते का हो?"