दहा नंबरचा पाना

वायर पत्र्यातून पलीकडे जाईना. वायरमनने डॅशबोर्डखाली मान घातली, एक पाय उघड्या दारातून बाहेर काढला आणि तिसऱ्यांदा ढकलून पाहिली. पलीकडे बॉनेट उघडं होतं आणि तिथे त्याची बायको वाकून उभी होती.

"वायर आली का?"

"नाही."

"बॅटरीच्या मागे काळं रबर आहे, त्यातून येईल."

"आली," ती म्हणाली आणि टोक चिमटीत धरून तिने हातभर वायर ओढून घेतली. चौदा वर्षं वायरमनचा संसार केलेल्या बाईला वायर किती ओढायची हे सांगावं लागत नाही.

मग ती पुन्हा दुकानाच्या दाराशी स्टुलावर जाऊन बसली, पर्स मांडीवर घेऊन. गाडी तिचीच होती आणि मागच्या काचेपर्यंत भरलेली होती. दोन बॅगा, दोरीने बांधलेली पुस्तकं, टेबलफॅन, गुंडाळलेली गादी. दोनशे किलोमीटरवरच्या एका शाळेत तिला नोकरी लागली होती, राहायला खोलीही मिळाली होती. सुट्टीत येणार ना, असं कुणी विचारलं की ती "बघू" म्हणायची. त्या "बघू"चा अर्थ सगळ्या गल्लीला कळला होता. फक्त वायरमन तो कळला नसल्यासारखं वागत होता, कारण कळला असं एकदा मान्य केलं की पुढे काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं.

तिने जाऊ नये, एवढंच त्याला हवं होतं. आणि तेवढंच सोडून बाकी सगळं तो बोलू शकत होता.

बसवायचे होते ते तीन गोल मीटर. इंजिन किती तापलं, ऑइलचं प्रेशर किती, बॅटरी किती भरते, ते सांगणारे. गाडीत मुळात यासाठी नुसते लाल दिवे होते, आणि लाल दिवा लागतो तो बहुधा सगळं आटोपल्यावर. म्हणून चार वर्षांपूर्वी तिने हे मीटर स्वतः दुकानं पालथी घालून, हौसेने आणून दिले होते. "गाडी तापते, हे बसवून दे," एवढंच म्हणाली होती. त्याने खोकं वरच्या फळीवर ठेवलं. गावभरच्या गाड्यांना मीटर बसवले, बायकोच्या गाडीला म्हणून सवड झाली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. रविवारी बसवतो म्हणाला, आणि दोन वर्षांचे रविवार निघून गेले.

मग एका दुपारी तिच्या आईच्या छातीत दुखायला लागलं. तिने आईला मागच्या सीटवर झोपवलं आणि मोठ्या दवाखान्याकडे निघाली. घाटाच्या मधोमध लाल दिवा लागला आणि इंजिन बसलं. तिने नवऱ्याला अकरा वेळा फोन केला. नवरा दुसऱ्या कुणाच्या गाडीखाली होता आणि फोन खुंटीवरच्या शर्टात. कुणा परक्या माणसाने गाडी थांबवून दोघींना पोचवलं, तोवर तीन तास गेले होते. आई चार दिवसांनी गेली. आधी आणलं असतं तरी फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. वायरमनने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. तिने ते एकदाच ऐकून घेतलं.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. दोन वेळचं जेवण होत होतं, कपडे वाळत होते, आणि दोन वर्षांत घरात कामापलीकडे शब्द उरला नव्हता. काल ती बॅगा भरत असताना तो खोक्यावरची धूळ पुसत दारात आला. "जायच्या आधी हे बसवून देतो."

"आता?" ती म्हणाली. मग बॅग भरता भरता, पाठमोरीच, "बसव."

शेजारचा पेंटर हातातला पॉलिश पेपर झटकत बाहेर आला. या माणसाला दुसऱ्याच्या कामात डोकावल्याशिवाय स्वतःचं काम सुचत नसे.

"लेका, आठ वाजल्यापासून लागलायस. एवढ्या वेळात मी ही गाडी रंगवली असती, वाळवली असती, आणि पुन्हा ठोकून तुझ्याकडे आणली असती."

ती हसली. वायरमन डॅशबोर्डखाली होता, त्याला ती दिसली नाही, नुसतं ऐकू आलं. हे हसू त्याने कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. त्याचा हात स्क्रूवरच थांबून राहिला.

"घाईने केलेलं काम टिकत नाही," तो खालून म्हणाला.

"हो वहिनी, पूर्वी तुमच्या स्कूटरचंही असंच टिकाऊ काम केलं होतं याने," पेंटर म्हणाला आणि आपल्या दुकानात गेला.

ती गोष्ट गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. चौदा वर्षांपूर्वी ती हॉर्न वाजत नाही म्हणून स्कूटर घेऊन आली होती. त्याने हॉर्न वाजवून दिला, पण अर्थची, म्हणजे अर्थिंगची वायर मुद्दाम सैल ठेवली. दोन दिवसांत हॉर्न बंद. ती परत आली. पुन्हा सैल. आठवड्यात तीनदा आली. चौथ्यांदा आली ती आपल्या वडिलांच्या पेटीतला दहा नंबरचा पाना घेऊन, दांड्याला निळी टेप गुंडाळलेला. पाना त्याच्या हातात ठेवून म्हणाली, "आता घट्ट कर, आणि काय विचारायचं असेल ते विचार." त्याने घाबरत विचारलं. पाना मात्र तिने परत आपल्यापाशीच ठेवला. लग्नात पेंटरने या गोष्टीवर पाहुण्यांना पोट धरून हसवलं होतं.

आता तो बॉनेटपाशी आला. मीटर बसले होते, सेन्सर बसला होता, राहिली होती फक्त अर्थची वायर. बॅटरीजवळच्या बोल्टवर वायरीचं कडं अडकवायचं आणि वरून नट पिळायचा. त्याने नट बोटांनी फिरवला आणि थांबला.

अर्थ सैल असली की काटा खोटं बोलतो. थंड इंजिनही उकळतंय म्हणून सांगतो. नट अर्धा आटा सैल ठेवला तर गावात काही कळणार नाही. घाटात गाडी हादरायला लागली की काटा सरळ लालमध्ये जाईल. ती थांबेल. फोन करेल. आणि या वेळी फोन खुंटीवर नव्हता. दोन वर्षं तो छातीवरच्या खिशात होता, आवाज पूर्ण मोठा करून. पहिल्या रिंगला तो उचलेल. तासाभरात तिच्यापाशी पोचेल.

त्याने स्टुलाकडे पाहिलं. तिने पर्सची चेन उघडली होती आणि आत हात घालून ती नुसतीच बसली होती, काहीतरी काढावं की नाही अशा विचारात असल्यासारखी. ती त्याच्याकडेच बघत होती.

त्याला तोच घाट दिसला. तेच वळण, लालमध्ये गेलेला काटा, आणि ती एकटी. त्याला स्वतःची शरम वाटली. त्याने दुकानातला पाना लावला आणि नट जीव खाऊन आवळला. वर दुसरा नट चढवला, तोही आवळला. मग पेंटरकडून डबीभर लाल रंग आणून नटावर ठिपका दिला, घट्ट केल्याची खूण म्हणून.

"झालं," तो म्हणाला.

ती उठली. त्याने इंजिन चालू केलं. तिन्ही काटे हलले आणि हळूहळू आपापल्या जागी गेले. इंजिन किती तापलं ते सांगणाऱ्या मीटरच्या काचेवर त्याने एक बारीक रेघ मारली होती.

"याच्या वर काटा गेला तर बाजूला थांबायचं. इंजिन बंद. रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही."

"आणि फोन?"

"फोन करायची वेळच येणार नाही तुझ्यावर." आपण तिला देऊ शकतो त्यात याहून मोठं काही नाही, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

ती बॉनेटपाशी गेली. वाकून तिने बरोब्बर अर्थची वायर शोधली आणि बोटाने हलवून पाहिली. वायर जागची हलली नाही.

"या वेळी घट्ट केलीस."

"दोन नट आहेत. आता कधीच सुटणार नाही."

तिचं बोट तिथेच राहिलं. रंग ओला होता, तो तिच्या बोटाला लागला. तो फडकं पुढे करत होता, पण ती बोटाकडेच बघत होती.

"हं," ती म्हणाली. "चांगलं काम केलंस."

मग ती स्टुलापाशी गेली, क्षणभर पाठमोरी उभी राहिली आणि पर्सची चेन लावून परत आली. गाडीत बसली, आरसा नीट केला. बारा वाजता गाडी कोपऱ्यावरून वळली. हॉर्न तिने वाजवला नाही.

त्या दिवशी वायरमनने दुसरी गाडी हातात घेतली नाही. ऊन उतरलं, पेंटरच्या दारातल्या गाडीवरून सरकत भिंतीवर गेलं. फोन वाजला तो एकदाच, आणि तोही निरोपाचा. "पोचले. काटा पूर्ण वेळ मधेच होता."

"काय रे, पोचली का?" पेंटरने विचारलं.

"पोचली."

"आणि मीटर?"

"बरोबर चालले."

मित्राकडे पाहून पेंटर आपलं दुकान आवरायला गेला.

दुकान आवरताना वायरमनने स्टूल आत घ्यायला हात घातला. स्टुलावर दहा नंबरचा पाना होता. दांड्यावर निळी टेप होती. जुनी टेप काढून ती नव्याने, काळजीपूर्वक गुंडाळलेली होती.

तो पाना हातात घेऊन स्टुलावर बसला. सकाळी आठपासून बारापर्यंत ती इथे बसून होती. एवढ्या वेळात त्याने तिला एकच प्रश्न विचारला होता, वायर आली का म्हणून.