बांधलेला अंगठा

या गोष्टीत दोन जागा आहेत: पाण्यात आणि पाण्याबाहेर. मासा पाण्याबाहेर असेल तेवढा मजकूर एका श्वासात वाचायचा. मध्ये थांबायचं नाही. दम लागला तर मजकूर लांबला असं समजा. माझ्या नणंदेने तलावावर हाच नियम लावला होता: मासा बाहेर काढलात की तुमचा श्वास बंद. तुमचा जीव घाबरायला लागला की समजायचं, त्याचा कधीच घाबरलाय.

पाण्यात

माझा नवरा तलावाचा राखणदार. फाटकाला लागून दोन खोल्या आहेत, त्या आमच्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाणी दिसतं आणि पाण्याकाठी गळ टाकून बसलेल्या माणसांच्या पाठी दिसतात. हे गळवाले मासा पकडतात, बघतात आणि सोडून देतात. घरी न्यायची परवानगी नाही.

नवऱ्याची थोरली बहीण, आमच्या ताई, बाजारात मासळी विकतात. तीस वर्षं झाली. हा प्रकार पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांना हसून हसून ठसका लागला होता. "म्हणजे पाहुण्याला ओढून घरात आणायचं, त्याचं तोंड फोडायचं, आणि म्हणायचं, बरं, या आता?"

गेल्या वर्षी मात्र हसण्यासारखं राहिलं नाही. वार्षिक स्पर्धा झाली, सगळे मासे जिवंत सोडले, लोकांनी हात हलवून त्यांना निरोपसुद्धा दिला. तिसऱ्या दिवशी काठाला मेलेल्या माशांची रांग लागली. वास आमच्या उशीपर्यंत आला. मत्स्य खात्याकडे तक्रार गेली आणि यंदा खात्याने अट घातली. स्पर्धेत पकडलेले चाळीस मासे जाळीच्या कोंडवाड्यात चोवीस तास ठेवायचे. दोनपेक्षा जास्त मेले तर तलाव गळवाल्यांना कायमचा बंद. तलाव बंद म्हणजे राखणदार नको. राखणदार नको म्हणजे दोन खोल्या रिकाम्या करा.

"प्रत्येकाची तऱ्हा वेगळी," नवरा म्हणाला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "एक मासा छातीशी धरतो, एक गवतावर आपटतो, एकाला त्याचं वजन करायचं असतं. सगळ्या माशांना एकच हात लागायला हवा. जाणता."

"मग तुमच्या ताईंना बोलवा. तीस वर्षं माशांनाच हात लावतायत."

मी टोमणा मारला होता. त्याने फोन उचलला.

पाण्याबाहेर

सरावाचा पहिला मासा ताईंनी असा अलगद उचलला, ओल्या हातांनी, एक तळवा पोटाखाली, दुसरा शेपटीपाशी, की नवऱ्याच्या कपाळावरची आठी सुटायला लागली आणि तेवढ्यात ताईंचा उजवा अंगठा आपला आपण पुढे गेला, त्याने कल्ल्याचं झाकण वर केलं, आतली लाली आम्हाला दाखवली, रोज गिऱ्हाइकाला दाखवतात तशी, आणि नख आत लागलं

पाण्यात

तो मासा अर्धा तासही तगला नाही. कल्ल्यातून रक्त सुरू झालं की थांबत नाही, हे आम्हाला ताईंनीच सांगितलं. सांगताना त्या पाण्याकडे बघत होत्या.

"ताई, अगं काय केलंस हे?" नवरा ओरडला.

"मी कुठे केलं? अंगठ्याने केलं." मग त्यांचं त्यांनाच ते बोलणं आवडलं नाही. "मला जा म्हण. मी जाते."

नवरा मेलेला मासा उचलायला वाकला. बोलले मी. "मांजराला दुधाची राखण दिल्यावर दुसरं काय होणार?"

ताईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. "खरं आहे गं तुझं," त्या म्हणाल्या. "पण दूध कुठून सांडतं ते मांजरालाच नीट ठाऊक असतं. एखादी जुनी चादर आहे का घरात? फाडायची आहे."

चादरीच्या पट्टीने त्यांनी उजवा अंगठा तळव्याला आवळून बांधला. आठ दिवस बांधलेला ठेवला. चार बोटांनी चहाचा कप धरला, चार बोटांनी केस विंचरले, माझ्याकडून वेणी घालून घेतली नाही. दुकानात डाव्या हाताने सुरी चालवली. काय झालं हाताला, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "जास्त शहाणा झाला होता. कोपऱ्यात उभा केलाय."

रोज दुपारी दुकान बंद करून त्या तलावावर यायच्या, गुडघाभर पाण्यात उभ्या राहायच्या, आणि मग गळवाल्यांची काही खैर नसायची. त्यांच्या मंडळाच्या अध्यक्षांपासून सगळ्यांची सामानाची पेटी त्यांनी उलटी केली. गळाच्या टोकाशी एक उलटा दात असतो. तो मासा सुटू देत नाही, आणि गळ काढताना मांस फाडतो. ताईंनी पक्कड घेतली आणि दोनशेच्या वर गळांचे उलटे दात चेपून सपाट केले.

"अहो, मासा निसटेल!" एकजण ओरडला.

"शेवटी सोडणारच आहात ना? मग तो जरा लवकर गेला तर एवढं काय वाईट वाटतं?"

गाठींच्या सुताच्या हातजाळ्या त्यांनी ढीग करून बाजूला टाकल्या. "या जाळीत मासा खरवडून निघतो. ते माझं काम. तुम्ही कशाला करता?" मऊ रबरी जाळ्या आणायला लावल्या. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर लोकांना किळसवाणा वाटायचा, तो पुसायला काहीजण फडकं बाळगायचे. ताईंनी फडकी गोळा केली आणि त्याच फडक्यांनी आमची खिडकी पुसून घेतली. "तो थर मी मीठ लावून घासून काढते. म्हणून सांगते, त्याच्याखाली त्याला वाचवणारं काही उरत नाही. कोरडा हात लागला की तो थर हाताला येतो. आधी हात भिजवा. मग माझ्याशी बोला."

एका गळवाल्याला त्यांच्या बोलण्याचा राग आला. "बाई, तुम्ही रोज शंभर कापता आणि आम्हाला दया शिकवता?"

"दया नाही शिकवत," ताई म्हणाल्या. "शरीर शिकवतेय. दयेचं तुमचं तुम्ही बघा."

मी ओट्याशी उभी होते. खिडकी इतकी स्वच्छ झाली होती की सगळं दिसत होतं आणि उघडी होती म्हणून सगळं ऐकू येत होतं. भाजी करपली.

पाण्यात, अजून

स्पर्धेची सकाळ. उजाडताच गळ पडले. नियम ताईंचा: मासा लागला की ओढत आणायचा नाही, दमवायचा नाही, हातजाळीत घेऊन पाण्यातूनच ताईंच्या पुढ्यात आणायचा. गळ पाण्यातच निघायचा. गिळलेला असला तर दोरी कापायची, आत शोधाशोध करायची नाही. माझ्याकडे नोंदवही. ताई आकडा सांगायच्या, मी लिहायची. अंगठा बांधलेलाच होता.

"सात. ओठात. ठीक." "आठ. ओठात. ठीक." "नऊ. गिळलाय, दोरी कापली. आधी जोरात ओढलंय कुणीतरी. लिही, शंका."

बहुतेक मासे पाण्याबाहेर आलेच नाहीत. म्हणून त्या भागाला इथे मजकूर नाही.

दर अर्ध्या तासाला ताई पाण्यात तापमापक बुडवायच्या. ऊन वाढलं की पाण्यातली हवा कमी होते आणि दमलेला मासा सावरत नाही. ठरलेल्या आकड्यावर पारा गेला की त्या स्पर्धा थांबवणार होत्या. दहाच्या सुमारास एकोणचाळीस मासे झाले आणि पारा त्या आकड्याला टेकायला आला. आणि तेव्हाच समोरच्या काठावर आरडाओरडा झाला. अध्यक्षांच्या गळाला तलावातला सगळ्यात मोठा मासा लागला होता.

अध्यक्षांना सगळे पाठीमागे फोटोभाऊ म्हणतात. त्यांनी वीस मिनिटं त्या माशाशी झुंज घेतली. ताई ओरडत होत्या, "आणा लवकर, दमवू नका!" त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलं.

पाण्याबाहेर

फोटोभाऊंनी तो मासा हातजाळीतून वर उचलला, जबड्याला धरून सरळ उभा टांगला, कमरेपासून हनुवटीपर्यंत लांब, आणि फोन कुठाय, अरे फोन कुठाय, डावीकडून घे, ऊन येतंय तोंडावर, पुन्हा घे, मी डोळे मिटले, असं चाललं असताना ताई कंबरभर पाणी कापत आल्या आणि म्हणाल्या श्वास धरा, आत्ताच्या आत्ता धरा, बोलू नका, धरलाय ना, मग बोलता कसे, आणि फोटोभाऊंचे गाल फुगले, चेहरा लाल झाला, जांभळा झाला, डोळे बाहेर आले, आणि त्यांनी मासा

पाण्यात

सोडला. नशीब, ताईंच्या हातात सोडला.

मासा कुशीवर कलंडला. कल्ले हलत होते, पण वेळ घेऊन. ताई त्याला घेऊन वरच्या कोपऱ्यात गेल्या, जिथे ओढ्याचं गार पाणी तलावात येतं. त्याचं तोंड प्रवाहाकडे केलं, एक तळवा पोटाखाली धरला, आणि थांबल्या.

"मागे-पुढे हलवा ना," फोटोभाऊ काठावरून म्हणाले. आवाज बराच खाली आला होता. "तसं केलं की शुद्धीवर येतो म्हणतात."

"तुम्ही चक्कर येऊन पडलात तर तुमचं डोकं मागे-पुढे हलवायचं का? पाणी तोंडातून आत जातं आणि कल्ल्यातून बाहेर येतं. उलटं नाही. त्याला त्याचं करू द्या."

दहा मिनिटं. वीस. सगळे गळ गुंडाळून काठावर येऊन बसले. नवरा उभाच होता. ताईंचे ओठ गारठून निळे पडले होते. मी शाल घेऊन पाण्यात गेले, साडीसकट, आणि त्यांच्या खांद्यावर टाकली.

"भिजलीस ना," ताई म्हणाल्या.

"वाळेन. तुम्ही समोर बघा."

पन्नासाव्या मिनिटाला माशाने शेपटीचा असा फटका मारला की आम्हा दोघींची तोंडं धुऊन निघाली. तो कोंडवाड्यात गेला.

"चाळीस," ताई म्हणाल्या. "लिही, शंका."

पाण्यात, दुसरा दिवस

तपासनीस बाई बरोबर वेळेवर आल्या. उंच बूट, हातात तक्ता. कोंडवाड्याभोवती होडीतून फेरी मारली. एक मासा पोट वर करून तरंगत होता. बाकी पाण्यात सावल्या फिरत होत्या.

"मेलेला एक," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "अट पूर्ण होते. छान."

नवऱ्याने माझा हात धरला. चार माणसांत त्याने असं कधी केलं नव्हतं.

"खालची जाळी उचला," ताई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"मेलेला मासा बहुतेक वेळा आधी तळाला जातो. फुगला की वर येतो. गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशीच का दिसले सगळ्यांना? वरून मोजून काही कळत नाही. जाळी उचला."

"ताई," नवरा पुटपुटला. "अगं ताई."

मला वाटलं, पाण्यात ढकलावं यांना. खरंच वाटलं. दोन खोल्या, खिडकी, ओटा, सगळं त्या तीन शब्दांवर लटकवून ठेवलं होतं या बाईने.

तपासनीस बाईंनी पेन खाली घेतलं. "तुम्ही यांच्याच बाजूच्या ना? आणखी दोन सापडले तर काय होईल, कल्पना आहे?"

"आहे. हा माझा भाऊ, ही माझी भावजय. पण मी वरचा मासा दाखवून खालचा विकत नाही."

चार कोपऱ्यांवर चार माणसं लागली. जाळी वर यायला लागली, वीतभर, हातभर. पाणी गढूळ झालं. पहिल्यांदा एक पांढरं पोट दिसलं. तरंगणारा धरून दोन झाले. मग त्याच्याशेजारी आणखी एक, कुशीवर, स्थिर. मी डोळे मिटले.

"थांबा," ताईंचा आवाज. "त्याला पाणी राहू द्या. आणखी वर नको."

डोळे उघडले तेव्हा त्यांची चार बोटं त्या माशाच्या पोटाखाली होती. कल्ल्याचं झाकण उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. माशाने अंग सरळ केलं आणि इतरांत मिसळला. मोठा मासा कोपऱ्यात जाळीला धडका देत होता.

"मेलेले दोन," तपासनीस बाई म्हणाल्या. पण लगेच लिहिलं नाही. "का मेले असतील?"

ताईंनी तरंगणारा उचलला. तोंडातून कापलेली दोरी लोंबत होती. "हा नववा. गिळलेला गळ. दोरी कापली तोवर आत फाटलं होतं." मग तळाचा उचलला, अंग बघितलं, डोळे बघितले, खूप वेळ बघितला. "हा का गेला, मला कळत नाही."

"कळत नाही, असं लिहू?"

"मग काय, कळतं असं लिहिता?"

बाईंनी लिहिलं. खाली सही केली, शिक्का मारला आणि कागद नवऱ्याच्या हातात दिला. तलाव चालू. नवऱ्याने तो तीनदा वाचला, घडी घातली, घडी उलगडून चौथ्यांदा वाचला.

"आणखी सहा तलावांवर हीच भांडणं चालू आहेत," तपासनीस बाई ताईंना म्हणाल्या. "शिकवायला याल?"

"सोमवारी दुकान बंद असतं," ताई म्हणाल्या. "सोमवारी येईन."

कोंडवाड्याचं तोंड उघडलं. अडतीस मासे कुणाच्याही निरोपाची वाट न बघता गेले. काठावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. फोटोभाऊंनी फोन खिशातून काढला, बघितला आणि परत ठेवून दिला. नवीन आलेला एक गळवाला माझ्याशेजारी उभा होता. त्याने हळूच विचारलं, "या बाई मोठ्या तज्ज्ञ दिसतात. कुठल्या कॉलेजातल्या?"

"बाजारातल्या," मी म्हणाले, आणि मुद्दाम एवढ्या मोठ्याने की पाण्यात उभ्या असलेल्या ताईंनाही ऐकू जावं. "डावीकडून तिसरं दुकान. माझी नणंद आहे ती."