बंगल्यावरचा मोठा मासा

न्हाव्यानं मॅनेजरसाहेबांच्या एका गालावरून वस्तरा फिरवला आणि हात थांबवला.

"साहेब, तुम्ही बाटलीतलंच पाणी पिता ना?"

"मग काय तळ्याचं पिऊ?"

"आणि मासा?"

"तो तळ्यातलाच. तुझी वहिनीच तर आणते. सगळ्यात मोठा बंगल्यावर यायचा, हुकूमच आहे माझा."

वर्षभर न्हावी एकच गोष्ट मनात घोळवत होता. त्याचा थोरला भाऊ जन्मभर तळ्यात जाळं टाकत आला. आता त्याला जाळ्याची गाठ मारता येत नव्हती, कपातला चहा धोतरावर सांडायचा. घास वहिनी भरवायची. भरसभेत साहेब म्हणाला होता, "कारखान्याचं सांडपाणी चोख आहे. तुझा दादा चोरून पीत असेल." दादानं दारूचा वाससुद्धा घेतला नव्हता. सभा हसली होती. ते हसू न्हाव्याच्या कानातून गेलं नव्हतं.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला समजावलं होतं. पाण्यातला पारा माशात साठतो, उकळून जात नाही, तळून जात नाही. मोठा मासा लहान्यांना खातो, म्हणून मोठ्यात जास्त. माणसाच्या केसांत तो सापडतो. केसांना न्हाव्याकडे काय तोटा! त्यानं चाळीस घरांचे केस पुड्यांत बांधून तपासायला धाडले. एकेचाळिसावी पुडी बंगल्यावरची होती.

आता त्यानं पेटीतून कागद काढून साहेबापुढे धरला.

"हा तुमचा आकडा. खालचा दादाचा. तुमचा दुप्पट आहे."

"खोटं आहे हे!"

"असेल. हात पुढं करा बघू."

साहेबाची बोटं थरथरत होती. भीतीनं की पाऱ्यानं, ते न्हाव्यालाही कळेना.

"यावर... औषध असेल ना?"

"आधी मासा बंद. मग मोठा दवाखाना. तिथं विचारतील, पारा आला कुठून. सांगा, चोरून पितो म्हणून."

एक गाल तसाच ठेवून न्हाव्यानं पेटी उचलली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर साहेब अर्ध्या दाढीनिशी बसला होता. दुसऱ्या कुणाच्या वस्तऱ्याखाली मान द्यायचा त्याला धीर झाला नसावा. मागच्या बाकांवर न्हाव्यानं आणलेली चाळीस घरांतली माणसं होती, दादाही होता.

"पारा अंगात कशानं गेला?" डॉक्टरीणबाईंनी पेन उघडलं.

साहेबानं मागं पाहिलं. मग पुटपुटला, "तळ्यातल्या माशानं. आमचं सांडपाणी... तिथंच सोडतात."

"जरा मोठ्यानं, साहेब," न्हावी म्हणाला. "दादाला हल्ली ऐकूही कमी येतं."