निम्मी बाटली

विज्ञानाची सगळी इमारत विश्वासावर उभी आहे. योगेशने हा विश्वास पहिल्या दिवशी साडेअकरापर्यंत टिकवला.

त्याच्या मोठ्या आतड्याला व्रण होते. दिवसातून बारा वेळा शौच, तेही रक्ताचं. खराडीच्या ऑफिसात त्याने स्वच्छतागृहाजवळचं टेबल मागून घेतलं होतं. स्टेरॉइडला आतडं दाद देईना. पुढची पायरी ते काढून टाकण्याची. तेवढ्यात सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांनी नव्या गोळीची चाचणी सुचवली. निम्म्या रुग्णांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी कोरी गोळी. कोणाला काय, हे डॉक्टरांनाही माहीत नसतं.

"हे तुम्हाला पटतं?" दवाखान्यातच पहिली गोळी घेतल्यावर बाकावर शेजारी बसलेल्या सत्यशीलाबाईंनी विचारलं. कात्रजच्या निवृत्त मुख्याध्यापिका; आजार तोच, चाचणीही तीच.

"नाही." दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हाच योगेशचा पेशा होता.

"चव कशी आहे तुमच्या गोळीची?"

"खडूसारखी."

"खडूचं मला विचारा, पस्तीस वर्षं खाल्लाय. माझी कडवट आहे."

"म्हणजे तुमची खरी."

"कडू करायला काय लागतं हो?" बाईंनी आवाज खाली आणला. "निम्म्यांना म्हणजे दोघांत एकाला. आपण दोघं आहोत."

हिशेब इतका स्वच्छ होता की दोघांपैकी कोणीच तो तपासला नाही. ठरलं ते असं: दर महिन्याला नवी बाटली मिळाली की निम्म्या गोळ्या एकमेकांना द्यायच्या. सकाळी आपली, संध्याकाळी दुसऱ्याची. निम्मं औषध तरी दोघांच्या पोटात जाईल.

तिसऱ्या महिन्यात बाईंचं रक्त थांबलं. त्या मैत्रिणींबरोबर महाबळेश्वरला जाऊन आल्या. योगेश अजून त्याच टेबलावर होता. त्याने फोन केला.

"मला देता त्या तुमच्याच बाटलीतल्या ना?"

"अहो, मी शिक्षिका आहे."

"म्हणूनच विचारतोय."

पुढच्या वेळी त्याने बाईंना द्यायच्या गोळ्यांवर पेन्सिलीने बारीक ठिपका काढला. आपलीच गोळी फिरून आली तर कळावं म्हणून. बाईंकडून आलेल्या गोळ्यांवर बाईंचा लाल शाईचा ठिपका आधीच होता.

चाचणी संपल्यावर दोघांनी एकत्रच डॉक्टरांना गाठलं. कोणाला काय दिलं होतं ते सांगणारी, औषध कंपनीकडून आलेली दोन पाकिटं डॉक्टरांनी फोडली.

औषध दोघांनाही खरंच होतं. योगेशला ते लागू पडलं नाही.